चार आणे गडी

माझा धाकटा भाऊ सदा जन्मात कधी पहिला आला नाही. परवा आला. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि त्याच्या नातीच्या कॉम्प्युटरवर सगळ्यांच्या वर त्याचं नाव उमटलं. चुकून उमटलं, पण उमटलं. ते बघितलं म्हणून हे लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा शुद्धलेखन कुणी तपासू नये.

ही नात रेवती. साताऱ्यात माझ्याकडंच राहते आणि कंपनीचं काम घरातनंच करते. तिच्या कंपनीत कुणीतरी फार मागं पर्ल नावाच्या भाषेत कायकाय लिहून ठेवलंय. ते लिहिणारे निघून गेले, आणि आता ते बिघडलं की ही दुरुस्त करत बसते. परवा मी लसूण सोलत होते. ती म्हणाली, "आत्याआजी, कुणाचीही तीन नावं सांगा आणि प्रत्येकाला एक आकडा द्या." तोंडात आलं ते मी सांगितलं. शिवा पंधरा, बापू बारा, सदा चार. तिनं ते लिहिलं. नाव आणि त्याच्या पुढं आकडा असं जोडीनं ठेवायचं, त्याला हॅश म्हणतात, म्हणाली. त्यात कुणी पुढं नसतं, कुणी मागं नसतं, पोत्यात घातल्यासारखं सगळं एकत्र असतं. तिनं ते चालवून दाखवलं तर आधी बापू वर आला. परत चालवलं तर शिवा. मी विचारलं, मग ओळ कोण लावतं? ती म्हणाली, "आपण सांगायचं. नावावरून लाव म्हटलं तर नावावरून, आकड्यावरून लाव म्हटलं तर आकड्यावरून." मग तिनं मोठा आकडा आधी असं सांगितलं, आणि पडद्यावर आलं: सदा, शिवा, बापू. ती चुकचुकली. मशीननं आकडे अक्षरांसारखे वाचले म्हणे. पंधराचा आणि बाराचा नुसता पहिला एक बघितला, आणि एकापेक्षा चार मोठा म्हणून सदाला वर बसवलं. तिनं मध्ये कमीचं, बरोबरचं आणि जास्तीचं अशी तिन्ही चिन्हं जोडून काहीतरी घातलं. सदा तळाला गेला. शिवा, बापू, सदा. "आता बरोबर आलं," ती म्हणाली. मग विचारलं, "पण हे आकडे कसले?"

मी म्हटलं, "आणे."

"पैसे?"

"न्हाई. माणसं."

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला, उसात बुडालेलं. वडलांना आम्ही आबा म्हणायचो. पलटणीतनं हवालदार होऊन परत आलेला, सांगलीच्या मैदानात नाव काढलेला पैलवान. कान फुटून कोबीच्या गड्ड्यासारखे झालेले. त्याला मी इथं अहोजाहो करत नाही. तोंडावर करत होते, ते भीतीनं. घरामागं गोठ्याला लागून त्यानं तालमीचा हौद केला होता. तांबडी माती चाळून घातलेली, काठानं घडीव दगड. त्या मातीला ताक, गोडं तेल, लिंबं आणि सांगलीहून आणलेली हळद लागायची. आमच्या कालवणात हळद चिमटीनं पडायची आणि मातीत पायलीनं. पहाटे डोळा उघडायचा तो जोर मारणाऱ्यांच्या हुंकारानं आणि मातीत अंग आदळल्याच्या आवाजानं. तो आवाज ओलं पोतं जमिनीवर टाकल्यासारखा असतो. अजून शेजारी कुणी गादी झटकली की माझं अंग आखडतं.

भाऊ तीन. थोरला शिवा, त्याला मिसरूड फुटून दाढी आलेली. मधला बापू, अंगानं जाड आणि मनानं भित्रा. मग मी, आणि माझ्या पाठीवर सदा. सदा हाडानंच बारीक. त्याला पाखरं, पाणी, चिखलातले खेकडे यांतलं सगळं कळायचं, कुस्तीतलं काही कळायचं नाही. पण आबाच्या घरात प्रत्येक पोराचा भाव ठरलेला होता. पुरा मर्द तो सोळा आणे. शिवा पंधरा आणे, बापू बारा, सदा चार. सदाला तो नावानं हाकच मारायचा नाही, 'पावली' म्हणायचा, म्हणजे चार आण्याचं नाणं. गावातली पोरंही पावली म्हणायला लागली. दर शनिवारी दिवस कलताना तिघांना आळीपाळीनं हौदात उतरवायचं, कोण कुणावर पडतो ते बघायचं, आणि त्याप्रमाणं आठवडाभराची दुधाची ओळ ठरायची. मी कितव्या आण्यात बसते हे कुणी मोजलं नाही. मुलीला आणे नव्हते, तिच्या हातात ओगराळं होतं.

ही दुधाची ओळ नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. संध्याकाळी दोन म्हशींचं दूध पातेल्यात आटवायचं. पाट्यावर बदाम आणि खसखस वाटून त्यात घालायची. ओसरीवर पाट मांडायचे, वयानं नव्हे, आण्यानं. पहिला पाट आबाचा. मग जो वरचढ तो, मग त्याच्याखालचा. मी पितळी पेल्यांत ओगराळ्यानं दूध ओतायची ते वरनं, म्हणजे साय सगळी पहिल्या पेल्यात. दुसऱ्याला थोडी, तिसऱ्याला तवंग. सदापर्यंत येईतो पातेल्याचा तळ लागायचा, मग आई त्यात तांब्यातलं पाणी घालून त्याचा पेला भरायची, निदान भरलेला दिसावा म्हणून. आई आणि मी कण्या-ताक खायचो. ज्याच्या अंगात जास्त त्याला जास्त दूध, ज्याला जास्त दूध त्याच्या अंगात जास्त. हे कधी उलटं फिरणार नाही एवढं माझ्या चौथीच्या डोक्यालाही कळत होतं. सदा वर्षानुवर्षं पाणी प्याला आणि वर्षानुवर्षं चार आण्यांवर राहिला.

आई पाटणकडची, डोंगरातली, कमी बोलणारी. आधी दूध तीच वाढायची. एकदा तिनं सदाच्या पेल्यात साय घातली आणि आबानं ते बघितलं. तो ओरडला नाही. त्यानं तिचं मनगट धरलं आणि पैलवान पकड घेतो तसं पिळलं, लाकूड मोडल्यासारखा आवाज येईपर्यंत. शेजारी बसलेला शिवा आपल्या पेल्यात बघत राहिला. मनगट वाकडंच जुळलं. धार ती एका हातानं काढायची, पातेलं मात्र तिला उचलवत नव्हतं. म्हणून माझी शाळा सुटली आणि ओगराळं माझ्याकडं आलं. आमच्याकडं मार लागायला कारण लागत नव्हतं, पण हत्यार ठरलेलं होतं. गोठ्याच्या खुंटीवर म्हशीचं एक जुनं दावं टांगलेलं असायचं, टोकाला गाठ मारलेलं. आईच्या पाठीवर त्या गाठीचे डाग होते. लुगडं बदलताना मी ते बघायची, आणि ती मी बघतेय हे बघायची.

एका शनिवारी बापूनं सदाला असा फेकला की सदाचा उजवा खांदा निखळून हात मागं फिरला. सदा ओरडला नाही, त्याला नुसती उचकी लागली. बापू हौदात उभा राहून रडायला लागला, तर आबानं रडतो म्हणून त्याच्या कानाखाली दिली. गावात अमीनचाचा म्हणून होते, धंदा पिंजाऱ्याचा, पण हाडं बसवण्यात त्यांच्या हाताला गुण होता. त्यांनी सदाच्या काखेत टाच लावली, हात ओढला आणि खांदा जागेवर बसवला. मग आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं हात गळ्यात बांधून दिला आणि आबाला बाजूला घेऊन म्हणाले, "हवालदार, एक सांगतो. परत ह्याला मातीत घालू नगा. आता निखळला तर हात नुस्ता लोंबंल. पोरगं जल्माचं लुळं हुईल."

आबा हसला. "म्हंजी चार आण्यातलं दोन गेलं म्हना की."

अमीनचाचा हसले नाहीत. बिदागीही न घेता चालते झाले. जाताना माझ्याकडं बघून मान हलवली. मी काय करू शकत होते ते त्यांनाच माहीत.

आठवडा तसा गेला. सदा डाव्या हातानं भाकरी मोडायचा आणि सारखा दिवस विचारायचा. आज बुधवार का गं आक्का, आज गुरुवार का? मी सांगायची. शनिवारी त्यानं विचारलंच नाही. दिवस कलला तसा आबा हौदाच्या काठावर येऊन उभा राहिला, आणि शिवा-बापूची कुस्ती झाल्यावर त्यानं हाक मारली, "पावली, उतर." आई गोठ्यात धारेला बसली होती. सदा माझ्या मागं उभा होता, त्याचा श्वास माझ्या दंडाला लागत होता. आबा आला, त्यानं सदाला दंडाला धरून पुढं ओढलं आणि गळ्यातली पट्टी सुटायची वाट न बघता फाडून काढली. म्हणाला, एका हातानं लढ, पलटणीत एका हातानं लढलेली मानसं मी बघितल्याती. बापू हौदात उभा होता आणि मातीकडं बघत होता. त्याला लढायचं नव्हतं, पण न लढला तर बारा आणे जातील हीही भीती होती. सदाच्या चड्डीतनं धार लागली आणि पायाखालची माती काळी झाली. आबानं त्याच्या मानेवर हात ठेवून त्याला काठावरनं ढकलायला घेतलं.

माझ्या कमरेवर ताकाची घागर होती, मातीत घालायला आणलेली. मी काय बोलणार हे मी ठरवलेलं नव्हतं. मी म्हणाले, "आबा, तुमी सोळा आणे हे कवा ठरलं? तुमची कुस्ती कुनासंगं झाली?"

लोक म्हणतात मी लहानपणापासून फटकळ. तसं काही नाही. सगळ्या पोरांना मोजणारा माणूस स्वतः कधी मोजून घेत नाही, एवढंच मला तेव्हा दिसलं. त्याचा पाट पहिला होता तो तो बाप होता म्हणून. बाकीचे आकड्यावर बसत होते, तो नावावर बसत होता.

त्यानं सदाला सोडलं. माझ्याजवळ आला, माझ्या कमरेवरची घागर काढून घेतली आणि नीट खाली ठेवली, ताक सांडू नये म्हणून. मग खुंटीवरचं दावं घेतलं. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा पाठीवर, आणि तिसरी ती गाठ तोंडावर आली. माझे पुढचे दोन दात तिथंच पडले. मी खाली मातीत होते. तोंडात रक्त, हळद आणि आंबट ताक यांची चव होती. आज कवळी लावते, पण हळद घातलेलं कढत दूध मला कुणी दिलं तर मी ते ओतून टाकते. फटके पडत राहिले. मी मोजले नाहीत. मग ते थांबले, कारण शड्डूचा आवाज आला.

ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगते. मांडीवर पोकळ तळवा आपटला की शड्डू होतो. मैदानात त्याचा अर्थ एकच, उतर माझ्यासंगं. शड्डूला पाठ दाखवणाऱ्यानं परत मातीला पाय लावायचा नाही, हा आबाचाच कायदा. एकदा शेजारगावच्या पैलवानानं शड्डू ठोकला आणि बापू मागं सरला, तर आबानं त्याला रात्रभर गोठ्यात म्हशीजवळ बांधला होता. आता हौदात शिवा उभा होता. तो परत एकदा मांडीवर थाप मारून आबाकडं बघत राहिला. आबाच्या हातातनं दावं खाली पडलं. त्यानं सदरा काढला, धोतराचा काचा मारला, आणि हौदात पाय टाकायच्या आधी मातीला हात लावून कपाळाला लावला. शिवानं वाकून त्याच्या पायाला हात लावला. रीत चुकली नाही. मग दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर माती टाकली.

ती कुस्ती नव्हती. सलामी झडली तेवढीच कुस्ती, पुढं नुसती मारामारी. आबा वयानं उतरला होता, पण त्याला सगळ्या वाईट जागा माहीत होत्या. त्यानं शिवाच्या मानेवर कोपराचा घिस्सा असा मारला की शिवाच्या नाकातनं रक्त सांडलं. अंगठा डोळ्यात घातला. शिवाचं डोकं मातीत दाबून धरलं, शिवाचे पाय तडफडले, आणि मला वाटलं संपला हा. बापू काठावर बसून दोन्ही कान झाकून होता. शिवानं आबाच्या हाताचा चावा घेतला, मांस दिसेपर्यंत, आणि पकड सुटली तसा कमरेखाली शिरला. त्यानं आबाला उचलला, पुरा, पाय आभाळाकडं, आणि तसाच दोन पावलं चालत काठाकडं गेला. मग ढाक मारून खाली टाकला. आबाचं कंबरडं काठाच्या घडीव दगडावर आदळलं. माणसाच्या आतून तसला आवाज आला, जसा आईच्या मनगटाचा आला होता, पण मोठा. पुढं शिवा जन्मभर सांगत राहिला की दगड दिसला नाही. मी समोर पडले होते. त्यानं दगड बघितला होता.

आबा ओरडला तो आख्ख्या गल्लीनं ऐकला. कुणी आलं नाही. आमच्या घरातलं ओरडणं लोकांच्या कानाला सरावाचं होतं. त्या ओरडण्यातही मला गोठ्यातनं चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज येत होता. एका हाताची धार, एकसारखी. आईनं म्हैस पुरी पिळली, रेडकू सोडलं, चरवी ओसरीवर ठेवली, आणि मग आमच्याकडं आली. आधी सदाच्या गळ्यात हात परत बांधला. मग माझ्या तोंडात पदर कोंबला. आबाकडं ती शेवटी गेली.

अमीनचाचा आले. आबाची मांडी आणि कंबर चाचपून त्यांनी हात धुतले. "ह्ये आता बसायचं न्हाई," एवढंच म्हणाले. बापूनं आणि शिवानं फळीवर घालून त्याला ओसरीवर आणला आणि भिंतीला लावून निजवला. दिवे लागायची वेळ होती, दूध आटलं होतं. आणि शिवा, नाकातलं रक्त न पुसता, येऊन आबाच्या पाटावर बसला. त्याच्या खाली बापू. त्याच्या खाली सदा. शिवानं माझ्याकडं न बघता म्हटलं, "वाढ." आबाचाच आवाज. मी ओगराळं हातात घेतलं, आणि मला कळलं की काहीच झालं नाही. डोकी एकेक पाट वर सरकली, बस. उद्या हाच मला मारील आणि परवा बापू ह्याला.

रेवतीला परवा मी एवढं सगळं सांगितलं नाही. मी तिला विचारलं, ही ओळ उलटी करायची तर सगळं परत लिहावं लागतं का? ती म्हणाली, कशाला? लावताना मशीन दोघादोघांना समोरासमोर उभं करतं, एकाला ए म्हणतं, एकाला बी. फक्त ए आणि बीच्या जागा बदलल्या की ओळ दुसऱ्या टोकानं सुरू होते. नावं तीच, आकडे तेच. मी म्हटलं, त्यात अजून एक नाव घाल. आबा. तिनं विचारलं, "किती?" मी म्हटलं, एक. तिला ते फार कमी वाटलं, पण तिनं घातलं.

त्या संध्याकाळी मी पातेलं उचललं आणि भिंतीकडं, आबाजवळ गेले. पहिला पेला तिथं भरला, वरनं, सगळ्या सायीसकट. शिवा म्हणाला, "ओळ हिकडनं हाय."

"ओळ तीच हाय," मी म्हणाले. तोंडात दात नसल्यानं शब्द नीट येत नव्हते. "मी त्या टोकाकडनं धरली."

त्याचा हात उठला. दाव्याकडं गेला की नुसताच उठला, सांगता येत नाही. आईनं दावं हौदाजवळनं आधीच उचलून आणलं होतं. तिनं ते चुलीत घातलं. ओलं, घामट सूत, लवकर पेटेना, नुसता धूर झाला. ती फुंकणीनं फुंकत बसली, ते पेटेपर्यंत आम्ही सगळे खोकत होतो. गाठ शेवटी जळाली. शिवानं हात खाली घेतला. त्याला शहाणपण सुचलं असं मी म्हणणार नाही. पुढं त्यानं बायकोवर हात टाकलाच. पण माझं लग्न होऊन मी साताऱ्याला येईपर्यंत त्या घरात दूध खालच्या टोकानं वाढलं गेलं. सदाचा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही, भरतीत त्याला परत पाठवला, आणि लोणंदच्या कांद्याच्या वखारीत त्यानं आयुष्य काढलं. पण हात लोंबला नाही. त्या हातानं त्यानं नातवंडं कडेवर घेतली. रेवती त्यातलीच.

तर तो पहिला पेला मी आबाच्या तोंडाशी धरला. त्यानं आधी पेल्याकडं बघितलं, मग सायीकडं, मग वर पाटावर बसलेल्या शिवाकडं, मग खाली सदाकडं. आण्याचा हिशेब त्याच्याइतका त्या घरात कुणाला येत नव्हता.

"मला पैला?" त्यानं विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.

त्याचे डोळे भरले ते दुखण्यानं असतील. त्यानं पेला तळापर्यंत संपवला. साय त्याच्या मिशीला लागली. ती मी पुसली नाही. मी सदाकडं वळले आणि दुसरा पेला भरला.